मुंगळ्याची जात ठरवताना

वर्धा जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या संत्र्याच्या बागांत, धुऱ्यावरच्या बाभळीखाली आणि गावातल्या जुन्या ओट्यांच्या भेगांत जो मोठा काळा मुंगळा दिसतो, त्याचे शास्त्रीय नाव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. फॅब्रिशियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने 1787 मध्ये त्याचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा नाव होते फॉर्मायका कॉम्प्रेसा. फॅब्रिशियस हा लिनियसचा शिष्य. त्या काळात बहुतेक मुंग्या फॉर्मायका या एकाच प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, घातल्या जात. पुढे 1861 मध्ये गुस्टाव्ह मायरने कॅम्पोनोटस ही प्रजाती वेगळी काढली आणि हा मुंगळा तिच्यात आला. म्हणूनच आज नावापुढे ‘फॅब्रिशियस, 1787’ हे शब्द कंसात लिहितात. जात ज्याने वर्णिली त्याने ती वेगळ्या प्रजातीत ठेवली होती, एवढे त्या कंसावरून कळते. दोनशेहून अधिक वर्षे नाव असलेला हा जीव आहे, तरीही कुपीतली मुंगी हीच, असे छातीठोकपणे सांगायला नवख्याला एक पूर्ण हंगाम लागतो.

कॅम्पोनोटस प्रजातीच्या मुंग्यांना ‘सुतार मुंग्या’ म्हणतात. हे नाव लाकूडफाट्याच्या थंड देशांतून आले. प्रजातीचा आदर्श मानलेली युरोपातली जात लिग्निपर्डा ही ओंडक्यांत आणि उभ्या झाडांच्या खोडांत पोकळ्या कोरून राहते, आणि तिच्या नावाचा अर्थच लाकडाचा नाश करणारी असा आहे. उत्तर अमेरिकेत पेन्सिल्व्हॅनिकस ही जात घरांच्या तुळयांत शिरते. तिथल्या लोकांना या मुंग्या सुतारासारख्या वाटल्या, आणि तेच नाव सगळ्या प्रजातीला चिकटले. खरे तर सुतार मुंगी लाकूड कोरते, पण खात नाही. ते तिला पचत नाही. लाकूड पचवते ती वाळवी, विदर्भात जिला उधई म्हणतात, आणि तिच्या पोटातले सूक्ष्मजीव. हजाराहून अधिक जातींच्या या प्रजातीत कोरडवाहू आणि वाळवंटी मुलखातल्या कित्येक जाती लाकडाच्या वाटेला जात नाहीत. त्या जमिनीत घर करतात.

आष्टी काही वाळवंट नव्हे. तालुक्याच्या अंगाने वर्धा नदी वाहते, सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाचे पाणी जवळ आहे, टेकड्यांवर सागाचे जंगल आहे. पण मे महिन्यात तापमापकाचा पारा 45 अंशांच्या वर गेला, काळी जमीन भेगाळली आणि धुऱ्यावर गवताची काडी राहिली नाही, की मुंगीच्या पातळीवरून हा मुलूख वाळवंटाहून फारसा वेगळा नसतो. सकाळी दहानंतर उघड्या मातीला तळहात टेकवत नाही. अशा जमिनीवर जगायचे तर दोनच वाटा आहेत. थरच्या वाळूतल्या कॅटाग्लिफिस मुंग्यांसारखे लांब पायांवर शरीर उचलून, पोट वर करून, भर उन्हात धावायचे. नाहीतर उन्हाची वेळच टाळायची. मुंगळ्याने दुसरी वाट धरली आहे. थंडीत तो दिवसभर हिंडतो. उन्हाळ्यात पहाटे आणि तिन्हीसांजेनंतर बाहेर पडतो, दुपारी बिळाचे तोंड निर्मनुष्य गावासारखे दिसते. जात ओळखायच्या कामातली पहिली नोंद म्हणूनच वेळेची असते. कुपीवर तारीख असते पण घड्याळातली वेळ नसते, तेव्हा त्या जीवाची अर्धी कहाणी हरवलेली असते.

बीळ बहुधा झाडाच्या बुंध्याशी, मुळांच्या आधाराने असते. तोंडाभोवती भुसभुशीत मातीच्या कणांचा ढीग आणि जरा बाजूला नाकतोड्यांचे पाय, भुंगेऱ्यांची पाठ, वाळवीची डोकी असा कचरा साचलेला दिसतो. हा कचरा चिमट्याने उचलून कागदावर पसरला की मुंगळ्यांचा आहार हाती येतो. मात्र त्यात न दिसणारा आहार मोठा असतो, तो म्हणजे गोड रस. झाडाच्या पानादेठावरच्या मधुग्रंथी, मावा, पिठ्या ढेकूण, तुरीच्या शेंड्यावर बसणारा पाठीवर शिंग असलेला किडा, या सगळ्यांपासून मुंगळा गोडवा गोळा करतो. पोट तट्ट फुगून त्याच्या पट्ट्यांमधली पातळ त्वचा दिसू लागलेला मुंगळा खोडावरून उतरताना दिसला, तर वर कुठेतरी रस सोडणारे किडे आहेत हे नक्की समजावे. उतरणाऱ्याला चढणारा भेटतो, दोघे थांबतात, मिशांनी एकमेकांचे डोके भराभर चाचपतात आणि तोंडाला तोंड लावतात. दोन जबड्यांमध्ये एक चकचकीत थेंब दिसतो आणि काही क्षणांत नाहीसा होतो. भिंगाखाली हे पाहिलेला माणूस पुढे मुंगळ्याच्या वाटेवर पाय ठेवताना थबकतो.

गोडाच्या या ओढीची जाण वैद्यकात फार जुनी आहे. प्रमेहाच्या रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धाव घेतात, ही खूण चरकसंहितेत आली आहे.

नमुने गोळा करण्याचे काम दिसते तितके सोपे नाही. लहान कीटक ओढून घ्यायला काचेची कुपी आणि रबरी नळीची चूषक वापरतात. तोंडाने हवा ओढली की कीटक कुपीत येतो. मुंगळ्यांसाठी ही चूषक वापरायची नसते, आणि हे प्रत्येक जण एकदा स्वतःच्या घशाने शिकतो. कॅम्पोनोटसला नांगी नसते. पोटाच्या टोकाला केसांच्या झालरीने वेढलेले गोल छिद्र असते आणि त्यातून फॉर्मिक आम्लाचा फवारा उडतो. कुपीत दहा मुंगळे एकत्र खवळले की ते आम्ल नळीतून थेट छातीत उतरते. डोळ्यांना पाणी येते, खोकल्याची उबळ थांबत नाही आणि जिभेवरचा आंबट-कडू चरका बराच वेळ जात नाही. मऊ टोकाचा चिमटा किंवा अल्कोहोलमध्ये बुडवलेला बारीक कुंचला हेच मुंगळ्यांसाठी योग्य साधन. मोठ्या डोक्याचा मुंगळा चावतो तेव्हा जबड्याने कातडी पकडून पोट पुढे वाकवतो आणि जखमेतच आम्ल सोडतो. ती आग दंशाची वाटते, पण दंश नसतो. खराखुरा दंश करणारी काळी मुंगी या भागात दुसरी आहे, तिचा उल्लेख पुढे येईल.

एका बिळातून एकच मुंगी उचलणे ही या कामातली सर्वांत महागडी चूक आहे. मुंगळ्यांच्या एका घरात सगळ्या कामकरी सारख्या नसतात. सर्वांत लहान कामकरी साधारण 7-8 मिलिमीटर, डोके लांबट, अंग सडसडीत. सर्वांत थोराड 15 मिलिमीटरच्या आसपास, डोके रुंद आणि मागच्या बाजूला हृदयाकृती, जबडे जाड. मधल्या मापाच्या कामकरी या दोन टोकांना जोडतात. टोकांच्या दोन मुंग्या वेगवेगळ्या कुप्यांत, वेगवेगळ्या दिवशी हाती आल्या तर अनुभवी नजरही त्यांना दोन जाती समजू शकते. मुंग्यांच्या वर्गीकरणाच्या इतिहासात एकाच जातीला अशा गोंधळातून दोन-तीन नावे पडल्याची आणि नंतर ती रद्द झाल्याची उदाहरणे भरपूर आहेत. म्हणून एका बिळाच्या वाटेवरून लहान, मध्यम, थोराड अशा पंधरा-वीस कामकरी एकाच कुपीत घ्याव्यात, आणि दुसऱ्या बिळाची मुंगी त्या कुपीत कधीही टाकू नये. भाषेत मुंगळा पुल्लिंगी असला तरी जमिनीवर हिंडणारा प्रत्येक मुंगळा मादी असतो. नर पंखवाले, अल्पायुषी, आणि उड्डाणाच्या दिवसांतच दिसणारे.

पंखवाल्यांची गोष्ट निघाली तर एक खबरदारी सांगायला हवी. पावसाळ्याच्या तोंडाशी दिव्याभोवती पंखांचा जो खच पडतो तो मुख्यतः उधईचा. उधईचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात, मिशा सरळ मण्यांच्या माळेसारख्या आणि कंबर जाड. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मिशा कोपरातून वाकलेल्या, कंबर बारीक. मुंगळ्याची नवी राणी पंख टाकून मातीत स्वतःला कोंडून घेते आणि पहिली पिल्ले आपल्या अंगातल्या साठ्यावर वाढवते. त्या पहिल्या कामकरी इतक्या खुज्या असतात की त्यांच्यावरून जात ठरवू नये.

आता सूक्ष्मदर्शकाखालचे काम. आधी प्रजाती ठरवायची, मग जात. कामकरीच्या मिशांना बारा सांधे असावेत. मिशीचा खड्डा तोंडावरच्या ढालीच्या मागच्या कडेपासून अंतर राखून असावा. हा फरक पाहायला डोके समोरून, सपाट धरावे लागते. कंबरेला एकच गाठ, ती उभ्या खवल्यासारखी. वक्षाच्या मागच्या कोपऱ्यात बहुतेक मुंग्यांना एका ग्रंथीचे छिद्र असते, ते इथे नसते. पाठीची रेघ बाजूने पाहिली तर मानेपासून शेवटापर्यंत अखंड कमान. कॅम्पोनोटस या नावातही वाकलेल्या पाठीचाच अर्थ आहे. एवढ्या खुणा जुळल्या की प्रजातीबद्दल शंका उरत नाही.

गोंधळ घालणाऱ्या दोन मुंग्या इथेच बाजूला होतात. पॉलिरॅकिस ही कॅम्पोनोटसची जवळची नातलग, रंगानेही काळी, पण तिच्या वक्षावर किंवा कंबरेच्या गाठीवर काटे असतात. दुसरी डायाकॅमा. दुरून ती मुंगळ्यासारखीच दिसते, मात्र तिच्या अंगावर बोटाच्या ठशासारख्या समांतर रेघा कोरलेल्या असतात, आणि नांगीचा दंश चांगलाच झोंबतो. हिच्या घरात मुंगळ्यांसारखी वेगळ्या घडणीची राणी नसते. कामकऱ्यांपैकी एक मिलन करून अंडी घालते. एवढी परकी जीवनरीत असलेला जीव नुसत्या रंगामुळे ‘काळा मुंगळा’ म्हणून नोंदला जातो, हे पाहिले की रंगावरचा भरवसा उडतो.

जातीच्या पातळीवर मध्य भारतात मुख्यतः चार-पाच उमेदवार समोर येतात. कॉम्प्रेसस निस्तेज काळा, अंगावर केस विरळ, पाय आणि मिशा तांबूस छटेच्या, नडगीच्या आतल्या कडेला ताठ काटेरी केसांची रांग. पॅरियस ही जात अंगलटीने जवळची, पण तिच्या पोटावर राखी-सोनेरी बारीक लव दाट असते आणि उन्हात ती झळकते. इरिटन्स पिवळट-तपकिरी, रात्री हिंडणारी. रूफोग्लॉकस या जातीचे नाव जर्डनने 1851 मध्ये मद्रासच्या नियतकालिकात दिले, आणि तांबूस व राखी या दोन रंगांचा जोड त्या नावातच आहे. सर्वांत वेगळी सेरिसियस: नावाचा अर्थ रेशमी, पोट जाड सोनेरी लवेने मढलेले, आणि पाठीची कमान मध्येच मोडून खाच पडलेली. प्रजातीच्या नावालाच ही जात अपवाद आहे. तिला शेतात ओळखायला भिंगही लागत नाही. सेरिसियसच्या दोन मुंग्या अनेकदा एकीमागे एक चालताना दिसतात. मागची पुढचीला मिशांनी सारखी स्पर्श करते, स्पर्श तुटला की पुढची थांबून वाट पाहते. नवी वाट दाखवण्याची ही तिची रीत 1974 मध्ये हॉल्डोब्लर आणि सहकाऱ्यांनी प्रयोगांतून दाखवून दिली.

या तुलनेसाठी हाताशी पुस्तके हवीत. भारतातल्या मुंग्यांवरचा बिंगहॅमचा 1903 चा खंड अजूनही टेबलावरून हलत नाही. त्याची वाक्ये जुनी आहेत, काही नावे बदलली आहेत, पण एका जातीचे अंग डोक्यापासून पोटापर्यंत कोणत्या क्रमाने पाहायचे हे तो शिकवतो. त्याच्या आधी फोरेलने भारतातल्या मुंग्यांवरची लेखमाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात 1892 पासून छापली, आणि त्याच सुमारास मुंबई इलाख्यातले वनाधिकारी रॉटन यांनी त्याच नियतकालिकात सर्वसामान्य वाचकांसाठी मुंग्यांवर लिहिले. अलीकडचे म्हणजे अजय नरेंद्र आणि सुनील कुमार यांचे 2006 चे द्वीपकल्पीय भारतातल्या मुंग्यांचे मार्गदर्शक. 2016 मध्ये भारताची अद्ययावत यादी प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्यात 828 जाती-पोटजाती होत्या आणि कॅम्पोनोटस त्यातली सर्वाधिक जातींची प्रजाती होती.

पुस्तकातल्या जात ओळखायच्या किल्लीशी एखादी कुपी जुळतच नाही, असा दिवस येतो. तेव्हा ‘नवी जात सापडली’ असे वाटणे साहजिक आहे, आणि नेमक्या त्या क्षणी हात आवरायचा असतो. आधी मापे घ्यावीत. डोक्याची लांबी, डोक्याची रुंदी, मिशीच्या पहिल्या लांब सांध्याची लांबी, वक्षाची तिरपी लांबी. रुंदीला लांबीने भागून शंभराने गुणले की डोक्याचा निर्देशांक मिळतो. एकाच घरातल्या लहान कामकरीचा हा आकडा थोराड कामकरीपेक्षा बराच कमी येतो. वीस मुंग्यांची मापे आलेखावर मांडली आणि सगळे बिंदू एका सलग रेषेत बसले, तर जात एकच. रेषा तुटून दोन वेगळे पुंजके पडले, तर थांबून पुन्हा पाहण्यासारखे काही आहे. कोषातून नुकत्याच बाहेर आलेल्या कामकरी फिकट तपकिरी असतात, आणि अल्कोहोलमध्ये वर्षानुवर्षे राहिलेला नमुनाही उजळतो. म्हणून वर्णनात रंग सर्वांत शेवटी येतो. आधी मापे, मग डोके, वक्ष, कंबरेची गाठ, पोट, पृष्ठभागाची कोरीव घडण, केस, आणि त्यानंतर रंग.

खरोखरच नवी जात ठरली, तर प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेचे नियम लागू होतात. 1999 नंतर वर्णिलेल्या जातीसाठी नाव धारण करणारा नमुना स्पष्टपणे नेमून द्यावा लागतो. तो एकच नमुना त्या नावाचा कायमचा आधार. जवळच्या जातींपासून ती कशी वेगळी हे शब्दांत सांगावे लागते. भारतात 2002 च्या जैविक विविधता कायद्याच्या कलम 39 नुसार नव्या जातीची माहिती नेमलेल्या भांडाराला कळवून नमुने तिथे जमा करणे बंधनकारक आहे. 1916 मध्ये स्थापन झालेली भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था हे असे एक भांडार, आणि पुण्याच्या आकुर्डीत तिचे पश्चिम प्रादेशिक केंद्र आहे.

आष्टीत मात्र नव्या जातीपेक्षा जुन्याच जातीची नीट ओळख अधिक मोलाची ठरते, आणि त्याचे कारण संत्र्याची बाग. बुंध्याशी मुंगळ्यांचे बीळ आणि खोडात पोकळी असे एकत्र दिसले की मुंगळे झाड खातात असा समज होतो. ‘सुतार’ हे नाव कानावर पडले असेल तर तो समज आणखी पक्का होतो, आणि बिळात कीटकनाशक ओतले जाते. खोडाचे नुकसान करणारे जीव वेगळेच असतात. साल खाणारी अळी रेशमी धाग्यात विष्ठेच्या गोळ्या गुंफून खोडावर लोंबती जाळी करते. उधई मातीचे पापुद्रे चढवते. मुंगळा त्यांनी सोडलेल्या पोकळीत शिरतो इतकेच. त्याचा खरा उपद्रव आडवाटेने येतो. मावा आणि पिठ्या ढेकूण यांच्याकडून गोड रस मिळावा म्हणून तो त्यांची राखण करतो, आणि त्यांना खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावतो. किड्यांच्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते. काळ्या माशीच्या चिकट्यावर वाढणारी हीच काजळी नागपुरी संत्र्याच्या बागाईतदाराला ‘कोळशी’ म्हणून चांगली ठाऊक आहे. तेव्हा खोडावर मुंगळ्यांची रांग दिसली तर बिळाकडे नव्हे, वर पानांच्या मागच्या बाजूला पाहावे. तिथली कीड आवरली की रांग आपोआप ओसरते, आणि वाळवीची, अळ्यांची शिकार करणारा जीव बागेत टिकून राहतो.

शेवटचे काम चिठ्ठीचे. मुंगी त्रिकोणी कागदाच्या टोकावर, मधल्या आणि मागच्या पायांच्या मुळाशी गोंदाचा अगदी बारीक थेंब लावून, मुंगीच्या उजव्या बाजूने चिकटवतात, म्हणजे तोंड, पाठ आणि कंबरेची गाठ उघडी राहते. टाचणीवर त्याखाली चिठ्ठी. तिच्यावर नुसते ‘आष्टी’ लिहिणे पुरेसे नाही. बीड जिल्ह्यात आष्टी नावाचा तालुका आहे आणि तोही कोरडवाहू. गडचिरोलीत चामोर्शी तालुक्यात वैनगंगेकाठी आष्टी आहे, आणि तिथले जंगल, पाऊस, मुंग्या सगळे वेगळे. वर्ध्याची आष्टी 1942 च्या ऑगस्टमधल्या हौतात्म्यामुळे आष्टी (शहीद) म्हणून लिहिली जाते, आणि चिठ्ठीवर तेच पूर्ण नाव, जिल्हा वर्धा, अक्षांश सुमारे 21.2 उत्तर, रेखांश सुमारे 78.2 पूर्व, जमीन काळी, संत्र्याच्या बुंध्याशी, रात्री आठ वाजता, असे लिहावे. बारा मिलिमीटर रुंदीच्या कागदावर हे सगळे मावते. अक्षर बारीक आणि शाई न पुसली जाणारी हवी, कारण ही चिठ्ठी मुंगीइतकीच वर्षे टिकायची असते.